लाकडी बदक कोरताना आणि रंगवताना या चुका टाळा

मायणीच्या तलावावर किंवा कृष्णेच्या पात्रात हिवाळ्यात पाहिलेले बदक लाकडात उतरवावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र बिघडलेले काम बारकाईने तपासले तर असे आढळते की दोष रंगात दिसत असला, तरी त्याचे कारण बहुतेक वेळा लाकडात आणि तेही कोरणे सुरू होण्यापूर्वीच पडलेले असते. म्हणून पापुद्रे निघाले की वरून पुन्हा रंग देणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय.

‘डिकॉय’ नावाने ओळखला जाणारा हा प्रकार मूळचा उत्तर अमेरिकेचा. उडती रानबदके पाण्यावर उतरावीत म्हणून शिकारी अशी बदके तरंगत ठेवत. नेवाडातील लव्हलॉक गुहेत १९२४ साली सापडलेली लव्हाळ्याची बदके सुमारे २००० वर्षांपूर्वीची आहेत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानबदकांच्या शिकारीला बंदी आहे, त्यामुळे आपल्या बदकाची जागा घरातील फळीवरच असावी. ते तलावात सोडून खऱ्या पक्ष्यांना विचलित करू नये.

आता लाकडाविषयी. वखारीतून आणलेला ओंडका वरून कोरडा दिसला तरी आत कित्येक महिने ओल टिकून राहते. सावलीत वाळवताना १ इंच जाडीला साधारण १ वर्ष, असा सुतारांचा जुना ठोकताळा आहे, परंतु आपल्या भागात तो एकटा पुरेसा नाही. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण-खटावच्या पट्ट्यात तो ५०० च्या आसपास असतो, त्यामुळे एका ठिकाणी वाळलेले लाकूड दुसऱ्या ठिकाणी नेले की पुन्हा फुगते किंवा आक्रसते. याकरिता ठोकळ्यावरच तारीख आणि वजन पेन्सिलने लिहावे, दर आठवड्याला तो तोलावा आणि ज्या घरात बदक राहणार आहे त्याच घरात वजन घटायचे थांबेपर्यंत पटाशी हाती घेऊ नये. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांतून ओल सर्वांत वेगाने बाहेर पडते व तेथेच पहिल्या चिरा जातात, म्हणून टोकांना वितळलेले मेण किंवा उरलेला ऑइलपेंट आधीच लावून ठेवावा.

खोडाच्या ऐन मध्यातला गर ठोकळ्यात आला असेल, तर तो ठोकळा बाजूला ठेवावा. लाकूड वलयांच्या दिशेने जितके आक्रसते, त्याच्या साधारण निम्मेच ते केंद्राकडून सालीकडे आक्रसते. गर मध्ये असला की हा ताण चिरेखेरीज दुसऱ्या कोणत्याही मार्गाने सुटत नाही.

चीर पडल्यावर होणारी चूक याहूनही नेहमीची आहे. एप्रिलमध्ये पाठीवर उघडलेली फट पाहून त्यात लगेच लांबी (भेगा बुजवण्याची पुट्टी) भरली जाते. पावसाळ्यात लाकूड फुगते, लांबीला दाबते आणि त्या जागी रंगासकट उंचवटा येतो. त्याऐवजी त्याच झाडाच्या लाकडाची, रेषा (तंतूंची दिशा) त्याच दिशेला असलेली पातळ पाचर तासून डिंकाने बसवावी आणि नंतर ती सपाट करावी. मुळात चीर टाळायची असेल, तर बदक आतून पोकळ करण्याइतका खात्रीचा उपाय मला दुसरा दिसत नाही. न्यू जर्सीतील बार्नेगाट खाडीचे कारागीर पांढऱ्या सिडारचे दोन अर्धे भाग कोरून पोकळ करीत आणि मग जोडीत. त्यामुळे बदक हलके होई. आतील जाड लाकूड निघून गेल्याने ताणही कमी होतो, हा त्याचा आणखी एक लाभ आहे.

लाकूड निवडताना सागवानाचा मोह आवरावा. ते टिकाऊ खरे, परंतु त्यातील तेलामुळे रंग आणि डिंक नीट धरत नाहीत, शिवाय पटाशीची धार लवकर जाते. सावर व आंबा मऊ असले तरी त्यांना कीड चटकन लागते. बारीक भोकांतून पिठासारखा भुगा पडू लागला, तर बोरॅक्स व बोरिक अॅसिडचे द्रावण रंगापूर्वीच पाजावे. मी शिवणीची शिफारस करेन, कारण ती हलकी असते आणि फारशी वाकत नाही. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर वापरतात ते तुणाचे लाकूडही या कामाला उत्तम आहे.

चोच तुटणे हा दोष सर्वस्वी रेषेच्या दिशेचा आहे. मान वळवलेले बदक एकसंध ठोकळ्यातून काढले की चोचीत रेषा आडवी येते आणि हलक्या धक्क्यानेही ती मोडते. डोके वेगळ्या तुकड्यातून, रेषा चोचीच्या लांबीला समांतर ठेवून कोरावे आणि मानेत लाकडी खुंटी घालून धडाला जोडावे.

कोरताना मध्यरेषा पुसली गेली, की ती तत्काळ पुन्हा आखावी. डोळे फार खाली बसवल्याने चेहरा बाहुलीसारखा होतो. बदकाचा डोळा डोक्यात बराच वर असतो आणि त्याखाली गाल फुगीर असतो. डोळ्यांसाठी एका बाजूने आरपार भोक पाडल्यास गिरमिट सरकते, म्हणून दोन्ही बाजूंनी अर्धे अर्धे भोक पाडावे.

रंगकामात पिसांचा क्रम पुष्कळांचा चुकतो. पुढचे पीस मागच्या पिसावर कौलासारखे चढलेले असते, म्हणून रंगवण्यास शेपटीकडून प्रारंभ करून डोक्याकडे यावे. ऑइलपेंटवर अॅक्रिलिक दिल्यास ते पापुद्र्याने सुटते. अॅक्रिलिक पूर्ण वाळल्यावर त्यावर तैलरंग चालतो. हळदी-कुंकू बदकाच्या पंखावरील हिरवा पट्टा थेट चकचकीत हिरव्याने रंगवला की खेळण्यातला वाटतो. गडद थर देऊन त्यावर धातूच्या झाकेचा हिरवा रंग अत्यंत पातळ करून थरावर थर चढवावा. त्याच पक्ष्याच्या चोचीचे टोक पिवळे आणि मुळाशी लाल ठिपके असतात. हे दोन रंग जपून वापरले तरच ओळख पटते.

स्थलांतरित बदकांसाठी छायाचित्राची तारीख अवश्य पाहावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येणारे थापट्या किंवा भुवई बदकाचे नर पुष्कळदा मादीसारख्या फिकट पिसांत असतात, त्यामुळे नराचा पूर्ण रंग हवा असल्यास फेब्रुवारीतील छायाचित्र घ्यावे. सायंकाळच्या उन्हात काढलेले चित्र राखाडी रंगाला पिवळट करते, हेही ध्यानात ठेवावे.

शेवटचा थर मॅट असावा, कारण चकाकीने पिसांचे काम झाकले जाते. हा थर लॅकरचा असून जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत दिला, तर त्यावर धुरकट पांढरेपणा येतो; तसे झाल्यास घासून काढण्याची घाई न करता कोरड्या दिवसाची वाट पाहावी आणि थिनरचा अगदी हलका फवारा मारून तो थर पुन्हा पारदर्शक होतो का, हे आधी बदकाच्या तळाशी तपासावे.