या चुका टाळा: सीओपीडीची धाप, थकलेल्या मांड्या आणि पावडरचे डबे

जिना चढताना धाप लागते म्हणून माणूस जिना टाळतो, मग बाहेर पडणंच टाळतो. काही महिन्यांत अंघोळीलाही दम लागतो आणि घरचे म्हणतात, आजार वाढला. पुष्कळदा आजार तेवढाच असतो, आटलेल्या असतात त्या मांड्या. सवय मोडलेला स्नायू तेवढ्याच कामाला जास्त श्वास मागतो. सीओपीडीसारख्या फुफ्फुसाच्या जुन्या आजारात बसून राहण्याइतकी महाग चूक दुसरी नाही.

याच्या उलट टोकाचेही भेटतात. एक दिवस बरं वाटलं की तासभर चालायचं आणि पुढचे चार दिवस अंथरुणात. त्यापेक्षा दम 0 (अजिबात नाही) ते 10 (असह्य) असा मोजा. 3-4 च्या आसपास ठेवा, म्हणजे बोलता येईल, पण गाता येणार नाही. दोन मिनिटं चाला, एक मिनिट थांबा, पुन्हा चाला, हेही चालणंच. आणखी एक : फुंकून केलेल्या तपासणीचे आकडे व्यायामाने फारसे हलत नाहीत. ते पाहून हिरमुसून कितीतरी जण व्यायाम सोडतात. सुधारतं ते चालण्याचं अंतर आणि धापेचा त्रास, तेही दोनेक महिने नेटाने केल्यावर.

खुर्चीतून उठताना स्वतःकडे नीट पाहा. बहुतेक जण नेमका तिथेच श्वास रोखतात. या आजारात हवा आत जाते, पण बाहेर पडायला वेळ घेते. घाईने श्वास घेतला की आधीची हवा आतच अडकते. म्हणून नाकाने श्वास घ्या, ओठांचा चंबू करा आणि फुंकर घालत घालत उठा. केस विंचरताना दम लागतो तोही उगाच नाही : श्वासाला मदत करणारे खांद्याचे स्नायू हात वर धरण्यात गुंततात. कोपर टेबलावर टेका, फरक कळेल.

ऑक्सिमीटर 88 च्या खाली जात असेल, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा. दम न लागताही ऑक्सिजन उतरू शकतो.

आता डबे. वजन घटलेल्या माणसाला प्रथिनांचं, उष्मांकाचं पूरक पेय खरंच उपयोगी पडतं, पण व्यायामाच्या जोडीने आणि जेवणाव्यतिरिक्त वरचं म्हणून. जेवणाऐवजी मोठा पेलाभर एका दमात प्यायलं की पोट फुगतं, छातीचा पडदा वर ढकलला जातो आणि दम लागतो. तेच थोडं थोडं, दिवसभरात घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारा. जिममध्ये स्नायूंसाठी घेतात त्या क्रिएटिन पावडरने सीओपीडीच्या रुग्णांना व्यायामापलीकडे जादा फायदा झाल्याचं चाचण्यांत दिसलं नाही. व्हिटॅमिन डी कमी असेल तर घ्या. बरीच वर्षं स्टेरॉइड घेणाऱ्यांनी तपासून घ्यावंच.

‘व्हिटॅमिनच आहे, काय बिघडतंय?’ हे मात्र मला पटत नाही. फिनलंडमध्ये 29,000 हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. त्यातल्या काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन (शरीर ज्यापासून व्हिटॅमिन ए बनवतं तो पदार्थ) दिलं होतं. 1994 मध्ये निकाल आला, तेव्हा ते घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, जास्त निघाला. सिगारेट चालू असेल तर डब्यावरचं हे नाव वाचून तो परत ठेवा.

वजन महिन्यातून एकदा वहीत लिहा. सहा महिन्यांत 60 चे 57 किलो झाले, तेही प्रयत्न न करता, तर डॉक्टरांना दाखवा. आणि पायाला सूज असेल तर काट्यावर विसंबू नका. पाण्याचं वजन आटलेला स्नायू झाकून टाकतं.