दोन ग्रहांमधल्या नाजूक तहावर विज्ञानकादंबरी कशी लिहावी

दोन ग्रहांचं युद्ध लिहिणं त्यामानाने सोपं. कोण कुणावर चालून जातो आणि कोण जिंकतो हे ठरलं की गोष्ट आपोआप पुढे सरकते. तह झाल्यानंतरची दहा वर्षं लिहायला घेतली की पंचाईत होते. मग बहुतेक लेखक एखादा युद्धखोर सेनापती आणतात. तो कट रचतो, नायक तो उधळतो. पण अशा कादंबरीतला तह एका माणसाच्या दुष्टपणावर टांगलेला असतो, आणि तो माणूस मेला की सांगण्यासारखं काही उरत नाही. त्यापेक्षा तह डळमळीत असण्याची कारणं अंतरात आणि तहाच्या मजकुरात पेरून ठेवा.

सुरुवात कालपटापासून करा. समजा, लढलेले पक्ष पृथ्वी आणि मंगळ आहेत. त्यांच्यातलं अंतर साधारण साडेपाच कोटी किलोमीटरपासून ४० कोटी किलोमीटरपर्यंत बदलत राहतं. म्हणजे रेडिओ संदेश पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात आणि उत्तर मिळायला त्याच्या दुप्पट. कमी इंधनात जायचं तर निघण्याची योग्य वेळ सुमारे २६ महिन्यांतून एकदाच येते, आणि प्रवासाला साडेआठ महिन्यांच्या आसपास लागतात. शिष्टमंडळ निघालं तेव्हाचं सरकार ते पोचेपर्यंत टिकेलच असं नाही. तुमची यानं जास्त वेगवान असतील तर प्रवासाचे महिने खुशाल कमी करा, पण प्रकाशाचा वेग तसाच ठेवा. कादंबरीतलं अर्धं नाट्य तिथून येणार आहे.

याच कालपटावर आणखी एक खूण करून ठेवा. मंगळ सूर्याच्या पलीकडे गेला की साधारण दोन आठवडे संदेशांचा भरवसा राहत नाही, त्यामुळे मंगळावरच्या यानांना या काळात आज्ञा पाठवणं थांबवलं जातं. बाजूला एखादा रिले उपग्रह, म्हणजे संदेश पुढे पोचवणारा उपग्रह, ठेवला तर हा खंड टाळता येतो. पण तो उपग्रह कुणाच्या ताब्यात? एवढ्या एका प्रश्नावर दोन-तीन प्रकरणं उभी राहतील.

उशिरा पोचलेली बातमी काय करते याचा दाखला इतिहासात आहे. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात २४ डिसेंबर १८१४ रोजी गेंट इथे तहावर सह्या झाल्या. ही बातमी समुद्र ओलांडून पोचायच्या आत, ८ जानेवारी १८१५ ला, न्यू ऑर्लिन्सची मोठी लढाई होऊन गेली होती.

मग युद्ध कसं संपलं ते ठरवा. यावर फार वेळ घालवू नका. एका पक्षाचा पुरता विजय झाला असेल तर ती ताबा आणि बंड यांची कादंबरी होते, तिची जात वेगळी. आपल्याला दोघंही दमलेले हवेत, आणि ‘अजून सहा महिने लढलो असतो तर जिंकलो असतो’ असं मानणारी माणसं दोन्हीकडे हवीत.

आता खरं काम. तह प्रत्यक्ष लिहून काढा, कलमांसकट, दोन-तीन पानांचा. वाचकाला तो कधी दिसणार नाही, पण तुमच्या टेबलावर तो हवा. लिहिताना मुत्सद्द्यांसारखे वागा, म्हणजे जिथे एकमत होत नाही तिथे शब्द मोघम ठेवा. कोरियात २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाली. जमिनीवर रेषा आखली गेली, तिच्या दोन्ही अंगांना दोन-दोन किलोमीटरचा पट्टा मोकळा ठेवला गेला. पश्चिमेच्या समुद्रात मात्र सीमा ठरलीच नाही. पुढे दक्षिण कोरियाच्या बाजूने लढलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सेनाकमांडने तिथे आपल्या बाजूने एक रेषा ठरवली, पण उत्तर कोरियाने ती मानली नाही. १९९९ आणि २००२ मध्ये त्याच पाण्यात, खेकड्यांच्या हंगामात, उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या नौदलांत चकमकी झाल्या. शांतता करार तर अजूनही झालेला नाही.

तुमच्या तहात अशी फट कुठे असेल? एक सुचवतो. ‘मंगळाच्या निकटच्या कक्षेत कोणीही युद्धनौका ठेवणार नाही’ असं कलम घ्या. मंगळाच्या दोन चंद्रांपैकी फोबोस पृष्ठभागापासून सुमारे ६,००० किलोमीटरवर फिरतो, डायमोस सुमारे २०,००० किलोमीटरवर. डायमोस निकट म्हणायचा की नाही? सह्या करताना हा प्रश्न दोघांनीही मुद्दाम विचारला नाही. सात वर्षांनी तिथे एक दुरुस्तीतळ उभा राहतो आणि कुणीही खोटं न बोलता संकट उभं राहतं. मला अशी संकटं कटकारस्थानांपेक्षा कितीतरी जास्त भीतिदायक वाटतात.

पुढची पायरी शस्त्रांची. १९६७ च्या अवकाश करारानुसार पृथ्वीभोवतीच्या कक्षेत अण्वस्त्रं ठेवायला बंदी आहे. तुमच्या तहातही असं कलम असेल, पण अवकाशात शस्त्र आणि साधन वेगळं काढणं अवघड असतं. सेकंदाला १० किलोमीटर वेगाने आदळणाऱ्या एक किलोच्या तुकड्यात सुमारे १२ किलो टीएनटी स्फोटकाइतकी ऊर्जा असते. मालवाहू यान हेच अस्त्र होऊ शकतं, त्यासाठी त्याचा मार्ग थोडा बदलला की पुरे. मग निःशस्त्रीकरण तपासायचं कसं? तपासनीस क्षेपणास्त्रांची नळकांडी मोजतील, इंजिनावर सील लावतील, आणि तरी रात्री त्यांना झोप लागणार नाही. लढायांचे अवशेषही कक्षेत फिरत असतील. तहानंतर बारा वर्षांनी तसाच एखादा तुकडा प्रवासी यानाला भोक पाडतो, तेव्हा तो अपघात होता हे सिद्ध कोण करणार?

पात्रं निवडताना राष्ट्राध्यक्ष आणि सेनापती शक्यतो मागे ठेवा. तह रोज पाळणारी माणसं पुढे आणा: सील तपासणारी तंत्रज्ञ, दोन्ही बाजूंचे मसुदे ताडून पाहणारा दुभाषी, बेपत्ता सैनिकांच्या याद्या सांभाळणारी कारकून. युद्धकैद्यांची अदलाबदल तर सोडूच नका. मंगळावरचं गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के. तिथे वाढलेल्या कैद्याला पृथ्वीवर उतरवलं तर त्याचं वजन अडीचपटीहून जास्त भरेल. त्याला जमिनीवरच्या तुरुंगात ठेवणं हाच छळ ठरतो का? तहाच्या वकिलांना यावर वर्षभर भांडता येईल. दरम्यान तो माणूस पाठीवर पडून छताकडे बघत असेल. प्रकरण त्याच्या बाजूने लिहा.

संवादांची एक अडचण येते. वीस मिनिटांच्या अंतराने बोलणारी माणसं वाद घालू शकत नाहीत, ती एकमेकांना निवेदनं पाठवतात. ही अडचण वापरून घ्या. उत्तर येण्याआधी दुसरा संदेश पाठवावा लागतो, त्यात पहिल्यातली चूक सुधारायची असते, आणि समोरचा नेमकं पहिल्याच संदेशावर चिडलेला असतो. अशा प्रसंगात प्रत्येक संदेशापुढे पाठवल्याची आणि मिळाल्याची अशा दोन वेळा टाका. वाचक त्या वेळा स्वतः जुळवतो आणि पात्रांच्या आधी घाबरतो.

शेवटी तह मोडायचा की टिकवायचा? माझा कल टिकवण्याकडे आहे, पण फुकटात नाही. डायमोसचं कलम नव्याने लिहिलं जावं, आणि त्यासाठी प्रामाणिकपणे वागलेल्या कुणाचा तरी बळी द्यावा लागावा.

पहिला खर्डा झाला की आधी काय कापायचं तेही सांगतो: युद्धाचा इतिहास सांगणारं सुरुवातीचं प्रकरण. ते प्रत्येक खर्ड्यात असतं. त्यातली जी माहिती पुढे एखाद्या पात्राच्या तोंडी, भांडणात किंवा पेन्शनच्या अर्जात येऊ शकत नाही, तिची वाचकाला गरज नव्हती असं धरून चाला.