कूलरच्या या चुका टाळा, नाहीतर नवतपात बोंबलत बसाल

दरवर्षी तेच. फेब्रुवारीत सांगा की कूलर एकदा उघडून पाहून घ्या, तर म्हणतात, "चालून राह्यला ना भाऊ, काय झालं त्याले?" मग नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ भाजणाऱ्या दिवसांत, पारा 45 वर गेला की फोन मलाच. मी मेकॅनिक नाही, पण घरचे अन् नातेवाइकांचे मिळून सहा कूलर माझ्याच गळ्यात आहेत.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात अन् लोक त्यावर उपाय म्हणून चप्पल घालतात. इथं नागपुरात मानेवाड्याला आमच्या मावशीकडे दोन उन्हाळे हाच कारभार, कूलरजवळ रबरी चप्पल ठेवलेली, पाणी टाकायचं तर ती घालायची. "थोडासाच लागते रे." मग एका मे महिन्यात पाण्याचा पाइप सुटला, फरशी ओली झाली अन् भाच्यानं अनवाणी जाऊन जाळी धरली. हात सुटेना. नशीब, मावसभाऊ बोर्डाजवळच उभा होता अन् त्यानं पोट्ट्याला ओढायच्या आधी बटन बंद केलं. दुसऱ्या दिवशी मी खोललं तर पंपाची वायर टाकीच्या पत्र्यावर घासून सोललेली. प्लग तीन पिनचा, पण आत हिरवी वायर कापून दुमडून ठेवलेली, म्हणजे अर्थिंग नावाला. मावशी म्हणे एमसीबी आहे ना. अहो, एमसीबी शॉर्ट झाला की पडते, एवढ्याशा लीकेजला नाही, त्याला 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट लीक झाला की लाइन तोडणारा स्विच, लागतो. अन् तो सारखा पडतो म्हणून बायपास करणारे महाभाग पण पाहिलेत मी!

माझी सवय सांगतो. सोललेल्या वायरला टेप गुंडाळत नाही, पाण्यात टेप टिकत नाही, पंपच बदलतो. वायर पत्र्यातून जाते तिथं जुन्या ट्यूबचा तुकडा बसवतो. अन् पाणी टाकताना बटन नाही, प्लगच काढतो.

दुसरं, टाकीचा गंज. तळाला तपकिरी फोड दिसला की समजा भोक येतंय. घाईवाले ओल्या पत्र्यावरच एमसील थापतात अन् आठ दिवसांत पुन्हा ठिबक सुरू. टाकी दोन दिवस उन्हात वाळवा, पॉलिश पेपरनं चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा, मग एमसील, मग आतून डांबर. मार्चमध्ये दोन दिवस कूलरविना निघतात, मे मध्ये नाही निघत.

पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, म्हणून काडीनं ढकलून सुरू करता? बहुतेक वेळा कंडेन्सर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला जोर देणारी डबी, गेलेला असतो, शंभरेक रुपयांत काम होतं. ढकलत राहिलात तर मोटर तापून जळते. 2013 च्या मेमध्ये इथं 47.9 झालं होतं, त्याच आठवड्यात माझी अशीच गेली अन् रिवाइंडिंगवाला म्हणाला, चार दिवसांनी या.

ताट्या, म्हणजे बाजूच्या गवताच्या जाळ्या, पांढऱ्या कडक झाल्या की धुवू नका, बदला.

टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कडा ब्रशनं घासा, डेंग्यूच्या डासाची अंडी तिथंच चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

पंप कोरडा चालवू नका.

अन् पावसाळ्यात टाकीत पाणी तसंच ठेवून वरून ताडपत्री गुंडाळणाऱ्यांनी पुढच्या फेब्रुवारीत मला फोन करू नये.