फोटो हलू द्यायचा, पण ठरवून

शटर, अॅपर्चर, आयएसओ ही बाराखडी तुम्हाला येते असं धरून चालतो. ती येणारेच संध्याकाळी बगळ्यांपुढे जास्त अडकतात, म्हणून उडत्या पक्ष्याचा फोटो संथ शटरवर मुद्दाम हललेला कसा घ्यायचा, हे त्यांच्यासाठीच लिहितोय.

वाळूजला फर्स्ट शिफ्ट करायची आणि तिथून गाडी काढून पैठणच्या जायकवाडी धरणाच्या बॅकवॉटरला पोचायचं, म्हणजे थंडीत हातात तासाभराचा उजेड उरतो. सकाळची कोवळी उन्हं वगैरे सुट्टीवाल्यांसाठी. धूसर पंखांचा नाद मला कलेपायी लागला असं सांगणार नाही, नाइलाजानं लागला. लेन्स ७०-३०० ची साधी, ३०० ला ५.६ च्या पुढे न उघडणारी.

आता तो सापळा. उजेड उतरायला लागला की आपण आयएसओ चढवत जातो. ८००, ३२००, ६४००. शटर मात्र १/१०० च्या खाली न्यायला हात धजत नाही, कारण डोळा शार्प पाहिजे हे जो तो सांगत आलेला असतो. इथंच फोटो मरतो. १/१०० ला पक्षी धड शार्प येत नाही आणि धड हललेलाही दिसत नाही. बघणाऱ्याला तो नुसता चुकलेला वाटतो.

हिशेब करून बघा. मोठा बगळा निवांत उडताना सेकंदाला अडीचएक वेळा पंख मारतो. १/१०० सेकंदात त्याच्या एका फडफडीचा जेमतेम चाळिसावा भाग होतो. तेवढ्यात पंखाचं टोक मऊ पडतं, बाकी काही घडत नाही. १/१५ ला फडफडीचा सहावा भाग सापडतो. टोक कुठून निघालं, कुठं पोचलं ते कळतं, पंखाची कमान उमटते. १/४ ला अर्ध्याहून जास्त फडफड एका फ्रेममध्ये येते आणि बगळ्याच्या नुसत्या पांढऱ्या पट्ट्या उरतात. त्याही सुंदर दिसतात, पण तो धडा नंतरचा. मोठ्या पक्ष्यासाठी १/६० ते १/१२५ हा पट्टा ओसाड समजा, तिथं घुटमळू नका. उजेड असेल तर १/१००० वर राहा, नसेल तर सरळ १/३० च्या खाली उतरा. हे इतकं उगाळतोय कारण माझ्या हार्ड डिस्कमध्ये एक अख्खा हिवाळा १/१०० चा पडून आहे.

पक्षी बदलला की आकडा बदलतो. बदकं सेकंदाला आठ-दहा वेळा पंख मारतात. १/१५ ला त्यांचे पंख विरघळून जातात, त्यांना १/३० ते १/६० पुरे. चित्रबलाक, राखी बगळा, शराटी यांच्यापासून सुरुवात करा. पंख मोठे, चाल संथ, आणि एकामागून एक येत राहतात, त्यामुळे पहिला हुकला तरी पाचवा मिळतो.

घाबरू नका, उजेड तुमच्याच बाजूनं असतो. सूर्य बुडाल्यावर दहाएक मिनिटांनी आयएसओ १०० आणि एफ ५.६ ला १/१५ आपोआप जुळायला लागतं. लाखांच्या लेन्सवाल्याला वेगळं काही मिळत नाही. भर दुपारच्या उन्हात हाच वेग आणायचा तर एफ २२ ही पुरत नाही, वर सेन्सरवरचा धुळीचा कण न् कण आभाळात उठून दिसतो. ऑटो आयएसओ बंद ठेवा. पक्ष्यामागे कॅमेरा फिरताना मागे कधी पाणी येतं, कधी बाभळी, कधी आभाळ, आणि दर फ्रेमचा उजेड वेगळा पडतो. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवा, ऑटो संध्याकाळचा जांभळट रंग धुऊन टाकतो. आणि मागच्या स्क्रीनवर विसंबू नका. अंधारात ती इतकी लख्ख दिसते की काळोखा फोटोही झकास वाटतो. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघा.

पॅनिंग, म्हणजे पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घेणं. ते करताना पाय जिथं फोटो घ्यायचा त्या दिशेला रोवा आणि कमरेतून मागे वळून पक्षी धरा. कोपर बरगड्यांना टेकलेलं असू द्या. बटण दाबल्यावर हात थांबवायचा नाही, पक्षी पुढे जाईपर्यंत फिरवत राहायचा. लेन्सच्या स्टॅबिलायझरला पॅनिंगचा वेगळा मोड असेल तर तो लावा, नसेल तर बंद करून बघा. साधा मोड तुमचं फिरणंही धक्का समजून दाबायला बघतो. सराव पक्ष्यांवर करू नका. पैठण रस्त्याला उभं राहून येणारी-जाणारी लालपरी धरा. १/१५ ला एसटीच्या कपाळावरची पाटी वाचता आली की हात बसला म्हणायचं.

बऱ्याच जणांचा फोटो पार्श्वभूमीवर फसतो. रिकाम्या आभाळापुढे पॅन केलं तर रेघा कशाच्या उमटणार? मागे काहीतरी खडबडीत हवं. पाणकणीस, ऊस, काठावरची झुडपं. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा हा जलाशय, उथळ आहे, पाणी ओसरतं तसा काठ लांब सरकतो आणि मोकळ्या झालेल्या गाळपेर जमिनीवर हिरवे-तपकिरी पट्टे पडतात. बगळा त्यांच्यापुढून आडवा गेला की ते पट्टे स्वतःच रेघा होतात. काठावरच्या वस्तीतले दिवे लागले की तेही फ्रेममध्ये येऊ द्या, मात्र स्वस्तातल्या एलईडीची रेघ सलग न येता तुटक, ठिपक्याठिपक्यांची उमटते. विजेच्या तालावर तो दिवा सेकंदाला शंभरदा मिणमिणत असतो. डोळ्याला ते दिसत नाही, १/१५ ला सगळं दिसतं. मला ते ठिपके आवडतात, काहींना डोळ्यात खुपतात.

"सॉफ्टवेअरमध्ये मोशन ब्लर मारला की झालं," असं सांगणारे भेटतील. करून बघा. तो ब्लर एका दिशेनं सगळ्यांना सारखा पुसतो. खऱ्या उडण्यात डोकं जवळपास स्थिर राहतं, धड थोडं खालीवर होतं, पंखाचं टोक सगळ्यात लांब फिरतं. फ्रान्सच्या एतिएन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञानं १८८२ साली बंदुकीच्या आकाराचा, सेकंदाला १२ फ्रेम घेणारा कॅमेरा बनवला, तो पक्षी पंख कसे हलवतात याचाच छडा लावायला. पुढे एकाच काचेवर त्यानं उडण्याच्या ओळीनं अवस्था उमटवल्या. आपण त्याच अवस्था मधल्या फटींशिवाय घेतो, एवढंच.

गुरूंबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. एका महागड्या वर्कशॉपमध्ये आम्हाला सेटिंग लिहून दिल्या, त्या का, ते कुणी सांगितलं नाही. पॅनिंग मला शिकवलं आमच्या गल्लीतल्या स्टुडिओवाल्या काकांनी. ते वरातीत नाचणाऱ्या पोरांवर रोज हाच प्रयोग करत असतात, पक्ष्यांचं त्यांना सोयरसुतक नाही. आणि थवा उठवायला जो गुरू नाववाल्याला "जरा आत घाल" म्हणतो, त्याच्याकडे पैसे भरू नका. जायकवाडी १९८६ पासून अभयारण्य आहे. ती पाखरं दिवसभर खाऊन तिथं टेकलेली असतात, तुमच्या फ्रेमसाठी त्यांनी परत का उडावं? तीनचार पावलं मागे सरका, गप्प बसा, मुक्कामाला जायची वेळ झाली की ती आपणहून उठतात.

थव्याचीच हौस असेल तर भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, बघा. ज्वारी हुरड्यात आली की त्या ढगासारख्या उतरतात, आणि राखणीला बसलेला शेतकरी गोफण फिरवून दर थोड्या वेळानं त्यांना उठवतोच. त्याला आधी विचारा, बांधावर बसा, धाटं तुडवू नका. इथं १/८ ला जा आणि एका पक्ष्याचा नाद सोडा. थवा वळतो त्या क्षणी कॅमेराही वळवायचा. बहुतेक फ्रेम चिखल निघतात. निघू द्या, पण जागेवर डिलीट करत बसू नका, तेवढ्यात पुढचा वळसा हुकतो. घरी मोठ्या स्क्रीनवर बघून मग काय ते ठरवा.

काठावरच्या गाळाचं मात्र गांभीर्यानं घ्या. वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो, खाली मऊ असतो. अंधार पडताना एकट्यानं त्यावर जायचं नाही, फोटो कितीही समोर असो.

आणि प्रिंट काढणार असाल तर लॅबवाल्याला आधीच बजावा. मी दिलेली पहिली फाइल पाहून ऑपरेटर म्हणाला, "साहेब, हललाय, जरा शार्प करून देतो," आणि मी नको म्हणेपर्यंत करूनही टाकली. आता फाइलच्या नावातच "हललेलाच पाहिजे" लिहून देतो.