‘सर, झोपलात का?’ : नव्या शिक्षकांनो, या चुका टाळा

जूनमध्ये रुजू झालेल्या शिक्षकाला गणपतीपर्यंत वर्गाचा लाडका व्हायचं असतं. सगळी गोम या घाईत आहे. शिकवण्याच्या जोरावर लाडकं व्हायला एक-दोन वर्षं जातात, पोरांच्या फोनमध्ये शिरलं की आठवड्यात काम होतं. मग सोपी वाट धरली जाते आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर हेच लाडके सर मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर खुर्चीवर घाम पुसत बसलेले दिसतात. ज्यांचा हेतूच वाईट आहे त्यांचं पोलीस बघतील. हे लिहिलंय ते हेतू चांगला असूनही घसरणाऱ्यांसाठी.

रात्रीचे मेसेज

या प्रकरणांचा क्रम इतका ठरलेला असतो की पाठ व्हावा. नववी ‘ब’चा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सर स्वतःच्या नंबरवरून काढतात. अ‍ॅडमिन एकटे तेच. पालक कुणीच नाहीत, कारण ‘पालक असले की पोरं मोकळी होत नाहीत’. पहिले पंधरा दिवस गृहपाठ, वेळापत्रक, पावसाची सुट्टी. मग एक मुलगी ग्रुप सोडून थेट सरांना लिहिते, ‘सर, सरावसंच 3.2 मधलं चौथं जमत नाहीये.’ सर वहीत सोडवून फोटो पाठवतात. इथवर त्यात वावगं काही दिसत नाही. पुढचा मेसेज रात्री साडेदहाला येतो : ‘सर, झोपलात का?’ आणि सर लिहितात, ‘नाही गं, बोल.’

घोळ होतो तो या ‘नाही गं, बोल’मध्ये. शाळा सुटली तरी सर सुटलेले नाहीत, हे मुलीला त्यातून कळलं. गणितावरून गाडी मैत्रिणीच्या भांडणावर येते, तिथून घरच्या कटकटींवर. एका रात्री ती रडत असते, सरांना शब्द सुचत नाहीत, म्हणून ते एक लाल बदाम टाकून देतात. रविवारी आई मुलीच्या फोनवरून लाइट बिल भरायला बसते आणि खालून वर वाचत जाते. सरावसंच पार वर राहिलेला असतो. आईला दिसतो तो बदाम आणि त्याखालची वेळ, 11.52. सोमवारी प्रार्थनेच्या आत वडील, मामा आणि गल्लीतले चार जण शाळेच्या फाटकात उभे असतात.

आता सर घाबरून दुसरी चूक करतात. मेसेज पुसायला लागतात. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ला मुदत असते जेमतेम दोन-अडीच दिवसांची. जुनं तसंच राहतं, ताजं पुसलं जातं आणि पुसल्याची पाटी तिथे लागते. बदामाचा खुलासा एक वेळ करता येईल. त्या पाटीचा खुलासा करून बघा.

‘मुलग्यांशी बोललं तर चालतं’ असं समजणाऱ्यांसाठी एवढंच : पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, बालक म्हणजे 18 वर्षांखालची कुणीही व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी. मॅडमनाही तोच कायदा.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. शाळेसाठी दुसरं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका. त्यात कामाची वेळ ठरवून पुढे आपोआप जाणारा ‘अवे मेसेज’ लावता येतो : ‘संध्याकाळी 7 नंतर उत्तर मिळणार नाही. उद्या मधल्या सुट्टीत भेटा. संकटात असाल तर 1098 (मुलांची हेल्पलाइन) किंवा 112 ला फोन करा.’ ग्रुप करायचा तो पालकांच्या नंबरांचा. दुसरे अ‍ॅडमिन पर्यवेक्षक, आणि मेसेज टाकायचा हक्क फक्त अ‍ॅडमिनना. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. तो नको असेल तर ब्रॉडकास्ट यादी वापरा. एका यादीत 256 नंबर बसतात, मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. पालकसभेत सगळ्यांना फोन काढायला लावून तिथेच नंबर सेव्ह करून घ्या, नाहीतर निम्म्यांना ‘मिळालंच नाही’.

एकाला अडलेलं उदाहरण सोडवून ग्रुपवर टाका, नाव न घेता. त्याच उदाहरणात आणखी चौघं अडलेली असतात, ती फक्त विचारत नाहीत.

‘कुणाला सांगणार नाही, बोल’

ही दुसरी चूक पहिलीपेक्षा जड, आणि ती करतात बहुधा फार चांगली माणसं. मधल्या सुट्टीत मूल जवळ येतं, ओढणीचं किंवा शर्टाचं टोक पिळत म्हणतं, ‘बाई, एक सांगू? पण कुणाला सांगायचं नाही हं.’ बाई पटकन शब्द देतात. पाच मिनिटांनी कळतं की शेजारचे काका, मामा किंवा शाळेतलाच कुणी हात लावतो. आता शब्द पाळावा तर कायदा मोडतो. पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडण्याची भीती वाटली, तरी पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल संस्थाप्रमुखाने गप्प बसल्यास एक वर्षापर्यंत. ‘मी मुख्याध्यापकांना सांगितलं, माझं काम संपलं’ ही समजूतही चुकीची, कारण कायद्याने जबाबदारी टाकली आहे ती ज्याला कळलं त्याच्यावर. बदलापूरला 2024 मध्ये संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर जो गुन्हा नोंदवला गेला, तो याच न कळवण्याचा. सद्भावनेने दिलेली माहिती पुढे सिद्ध झाली नाही तरी देणाऱ्याला त्रास होऊ नये, अशी सोय कलम 19 मध्येच आहे.

म्हणून शब्द देताना आधीच वेगळा द्या : ‘मी नीट ऐकते. वर्गात, स्टाफरूममध्ये कुणाशी बोलणार नाही. पण तुला कुणी त्रास देत असेल तर मदत करणाऱ्या माणसांना सांगावं लागेल, आणि ते सांगण्याआधी मी तुला सांगेन.’ मूल तरीही बोलतं. थोडा वेळ लागतो, तो द्या.

ऐकताना मध्ये बोलू नका. ‘त्याने इथे हात लावला का?’ असं सुचवून विचारू नका, ‘मग काय झालं?’ पुरे. तीनतीनदा वदवून घेऊ नका, ते काम पोलिसांचं आणि मॅजिस्ट्रेटचं. त्याच दिवशी तारीख-वेळ घालून मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. त्याने ‘शूची जागा’ म्हटलं असेल तर तेच लिहा, तिथे पुस्तकी शब्द घालू नका. ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलावून ‘आपसात मिटवण्याचा’ शहाणपणा तर मुळीच नको. घरी फोन करण्याआधीही थांबून विचार करा, त्रास देणारा घरातलाच असू शकतो.

दार, वर्ग आणि पडदा

जादा तास एकट्या मुलाचा घ्यायचा नाही. किमान दोघं-तिघं, व्हरांड्याकडचा बाक, दार सताड उघडं, आणि नोंदवहीत वेळ व हजेरी. दार उघडं ठेवलं की गडबड ऐकू येते म्हणून ते लोटून घेणारे असतात. गडबड चालेल.

बाइकवर लिफ्ट नको. पाऊस असला तरी नको. पालकांना फोन करा आणि ते येईपर्यंत शिपाईमामांजवळ थांबा.

‘मला सर नको, दादा म्हणा.’ काही प्रयोगशील शाळांत सगळ्यांनाच ताई-दादा म्हणतात, ती त्या शाळेची रीत. बाकी सगळे सर असताना तुम्ही एकटेच दादा झालात की तुमच्या तासाला वर्ग सांभाळायला बाकीच्या सरांना यावं लागतं.

पेहरावावर मार्च 2024 चा शासन निर्णय आहे : जीन्स, टी-शर्ट, भडक नक्षीचे कपडे नकोत, बायकांना साडी किंवा सलवार-कमीज-दुपट्टा, पुरुषांना शर्ट-पँट, शर्ट आत खोचलेला. त्यावर स्टाफरूममध्ये तासन्‌तास वाद चालतात. प्रतिमेचं खरं नुकसान स्मार्ट बोर्डवर होतं. फोनचा पडदा तिथे लावलेला असतो आणि प्रकाशसंश्लेषणाच्या आकृतीवर वरून पट्टी सरकते : ‘काल जास्त झाली का रे?’ चाळीस पोरं वाचतात आणि दहावी होईपर्यंत विसरत नाहीत. फोन जोडण्याआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, किंवा पेनड्राइव्हवर पीडीएफ न्या. स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवर उघडलेलं व्हॉट्सअ‍ॅप वेब टॅब बंद केल्याने बंद होत नाही. फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन लॉगआउट करा.

मुलांना घेऊन रील : नको. पालकांची लेखी परवानगी असेल तर शाळेच्या खात्यावर, तुमच्या नाही.

सहलीचे, शिष्यवृत्ती परीक्षेचे पैसे स्वतःच्या फोनपेवर घेऊ नका. शाळेचा क्यूआर नसेल तर रोख आणि पावती.

स्वतःच्याच वर्गातल्या मुलांची खासगी शिकवणी : शिक्षण हक्क कायद्याचं कलम 28 वाचा. ‘ढ’, ‘जाड्या’, ‘काळू’ अशी नावं : कलम 17, त्यात मानसिक छळही येतो. पहिल्या दिवशी आडनावावरून ‘कुठले तुम्ही?’ विचारू नका, कशासाठी विचारताय ते पोरांना बरोबर कळतं. गुरुपौर्णिमेला फूल आणि हाताने केलेलं कार्ड घ्या. घड्याळ, पाकीट, मिठाईचा मोठा पुडा वर्गासमोर हसून परत करा, घरी नेऊन दुसऱ्या दिवशी नको.

आधीच घसरला असाल तर

पुसायचं काही नाही. चॅट उघडून ‘एक्स्पोर्ट’ करा आणि फाइल जपून ठेवा. मुलाला एकच मेसेज, तोही दिवसा : ‘अभ्यासाचं आता शाळेतच बोलू. या नंबरवर यापुढे मी उत्तर देणार नाही.’ कारणं नाहीत, सॉरी नाही, बदाम तर नाहीच. मुलाने घरचं काही गंभीर लिहिलेलं असेल तर हा मेसेज आधी पाठवू नका. वर सांगितल्याप्रमाणे कळवा, मग बाकीचं. एकदम ब्लॉकही करू नका, रडत लिहिणाऱ्या पोराच्या तोंडावर दार आपटल्यासारखं होतं ते.

त्याच दिवशी मुख्याध्यापकांना अर्ध्या पानाचं पत्र द्या : संपर्क कधीपासून होता, कशाबद्दल होता, आजपासून बंद केला. फाइलची प्रिंट जोडा. ते म्हणतील, ‘अहो, एवढ्याशा गोष्टीला पत्र कशाला, तोंडी सांगितलंत ना.’ पत्र टेबलावर ठेवून न जाता क्लार्ककडून आवक क्रमांक टाकून घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का.