गिटार, पेटी आणि सिंथ एकाच अल्बममध्ये: या चुका टाळा

स्वतः गाणी लिहून, चाली बांधून घरच्या घरी अल्बम करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. गिटार एकटी ऐकली की गोड, सिंथ (सिंथेसायझर) एकटा ऐकला की गोड, पण दोन्ही एकत्र लावले की सगळं गढूळ. मग मिक्सिंगमध्ये, म्हणजे सगळे ट्रॅक एकमेकांशी जुळवण्यात, रात्री जातात. दोष बहुतेक वेळा त्याच्या आधीच शिरलेला असतो.

सगळ्यात जास्त गोंधळ सुराचा. सॉफ्टवेअरमधला सिंथ ४४० हर्ट्झच्या (सेकंदाला ४४० कंपनांच्या) 'ए' सुराला लावलेला असतो. आपली पेटी ४४२ला किंवा त्याहूनही वर निघू शकते. दोन हर्ट्झ म्हणजे जेमतेम आठ सेंट (शंभर सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर). नुसत्या पेटीत ते कुणाला कळणारही नाही, पण खाली सिंथचा लांब सूर धरला की दोन्ही मिळून थरथरायला लागतात. बिचाऱ्या गायकावर खापर फुटतं आणि त्याच्या आवाजावर सूर दुरुस्त करणारा ऑटोट्यून चढतो! पेटीचे सूर घासून जुळवणं कारागिराचं काम. सिंथ एका आकड्यावर हलतो. म्हणून आधी पेटी ट्यूनरवर तपासा. फक्त सा नको, चार-पाच सूर बघा, कारण सगळ्याच पट्ट्या सारख्या लागलेल्या नसतात. मग सिंथचं फाइन ट्यून तिथे न्या आणि गिटारही त्याच सुराला लावा.

खर्जातली गर्दी हा दुसरा त्रास. डग्गा, किक (ड्रम सेटमधला मोठा ढोल) आणि सिंथ बास यांचं वजन एकाच पट्ट्यात पडतं, साधारण ५० ते १०० हर्ट्झमध्ये. गिटारची सगळ्यात जाड तारही ८२ हर्ट्झची. इक्वलायझरने (आवाजातले खालचे-वरचे पट्टे कमीजास्त करून) थोडंफार निभावतं, पण खरा उपाय वाजवण्यातच आहे: डग्ग्यावर मींड येते तिथे बास गप्प ठेवा. किक काढून टाकली तरी गाणं उभं राहू शकतं, हे फार कमी जणांना सुचतं.

तबला लूपच्या (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तयार तुकड्याच्या) मागे पडतोय? फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर तो लेटन्सीचा, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमधून जाताना होणाऱ्या उशिराचा. हा उशीर बफरवर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे किती नमुने हाताळतो त्यावर ठरतो. ४४.१ किलोहर्ट्झला १०२४चा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, १२८चा म्हणजे तीनच्याही आत. रेकॉर्डिंगला लहान बफर, मिक्सिंगला मोठा. फरक कमीजास्त होत असेल तर तो वादकाच्या हाताचा. तेव्हा तबला ग्रिडवर (सॉफ्टवेअरच्या ठोक्यांच्या रेघांवर) ओढू नका, त्याच्या चालीने टेम्पो बदला आणि लूप हलवा. ठोके मोजूनमापून सरळ केलेला तबला मला तरी ऐकवत नाही.

गिटारचा माइक भोकासमोर लावला की नुसता घुमारा येतो. बाराव्या फ्रेटकडे, वीतभर अंतरावर ठेवा. सोबत पिकअपही (गिटारमध्येच बसवलेला, तारांची कंपनं पकडणारा) घेतला असेल आणि आवाज पोकळ वाटत असेल तर एका ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून पाहा. तरीही सुधारलं नाही तर माइकचा ट्रॅक किंचित आधी सरकवा, कारण हवेतून ३० सेंटिमीटर यायला आवाजाला जवळपास एक मिलिसेकंद लागतो.

रिव्हर्ब (खोलीतल्यासारखी घुमणारी आस) प्रत्येक वाद्याला वेगळा देऊ नका. सिंथच्या प्रीसेटमधला (तयार आवाजातला) बंद करा आणि सगळ्यांना एकाच बसवरून, म्हणजे सामाईक ट्रॅकवरून, द्या, पेटीला सगळ्यात कमी.