स्वतःचं मन न कळलेल्या मुलीची गोष्ट कशी लिहावी

बारावीनंतरचा कॅप राउंड, म्हणजे कॉलेज-प्रवेशाची केंद्रीय फेरी, घ्या. कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरणारी मुलगी, शेजारी बाबा, फॉर्म लॉक (कायम) करायची शेवटची संध्याकाळ. एवढ्यावर हजार-बाराशे शब्द सहज निघतात. 'ती गोंधळली होती' असं लिहू नका. पहिल्या पसंतीचं कॉलेज तिला तीनदा वरखाली करू द्या. बाबांना ती म्हणते, 'काहीही चालेल.' मैत्रिणीला वेगळंच सांगते. या तफावतीवर रेंगाळा.

खर्डा फसतो तो स्वगतात: सतरा वर्षांची पोर समुपदेशकासारखी बोलू लागते. भालचंद्र नेमाडेंच्या 'कोसला' कादंबरीचा (१९६३) निवेदक 'वगैरे', 'उदाहरणार्थ' म्हणत कसा निसटतो, ते पाहा. नक्कल मात्र नको, लगेच ओळखू येते.

शेवटी फॉर्म लॉक कराच. अर्धवट सोडलेला शेवट वाचकाला लेखकाची पळवाट वाटतो.